पद्मिनीचा लाल दिवा: जाड ऑइल बरं की पातळ?

कापूसवाला (हिंगणघाटजवळ)

आमच्याकडे १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे. वडिलांनी घेतलेली. तेच १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, मधे एकदा बोअर केलेलं. पोळ्याला बैलांसोबत तिचीही आंघोळ होते. एरवी महिन्यातून तीन-चारदा निघते: बाजार, बँक, कोणाचं लग्न.

गावचा मिस्त्री वीस वर्षांपासून तिच्यात साधं मिनरल २०डब्ल्यू-५० टाकत आला. दिवाळीत मुलगा पुण्याहून आला तो फुल सिंथेटिक ५डब्ल्यू-३० चा डबा घेऊनच. म्हणाला, "बाबा, तुम्ही गाडीला गुळाचा पाक पाजता." मिस्त्रीला न विचारता ऑइल बदललं. होळीपर्यंत ठीक होतं. आता उन्हात वर्ध्याहून परत आलो आणि रेल्वे फाटकापाशी थांबलो की आयडलिंगला ऑइलचं प्रेशर पडल्याचा लाल दिवा मिचमिचतो. रेस दिली की विझतो.

माझं मत ठाम झालंय. जुन्या इंजिनात जागोजागी फट वाढलेली असते, तिथं जाड ऑइलच टिकतं. पातळ सिंथेटिक नव्या गाड्यांसाठी, तेही थंड मुलखात. आपल्याकडे मे महिन्यात ४६ च्या वर पारा. त्या डब्याला दुपटीहून जास्त पैसे गेले ते वेगळेच.

एक मात्र मान्य करतो, सिंथेटिक टाकल्यापासून गाडी ऑइल खात नाही. आधी महिन्याला पावशेर घालावं लागायचं, आता ऑइल मोजायच्या पट्टीवर वरच्या खुणेपाशी जिथल्या तिथं. पण त्या दिव्याची भीती वाटते. ज्यांच्याकडे जुन्या गाड्या आहेत त्यांनी बोलावं. नव्या गाडीवाल्यांनी नुसतं वाचलं तरी चालेल.

पुण्यातला अकोलेकर

काका, मी नवी गाडीवालाच आहे, तरी बोलतो. तुमचा मुलगा बरोबर आहे.

जाड ऑइल टाकून दिवा विझवणं म्हणजे तापात क्रोसिन घेणं. ताप उतरेल, दुखणं तिथंच. बेअरिंग झिजली असेल तर प्रेशर पडणारच. घट्ट ऑइल टाकलं की प्रेशर वर दिसतं आणि आपण अजून दोन वर्षं गाडी ओढतो, मग एक दिवस क्रँकच जातो. शिवाय सकाळी सेल मारल्यावर घट्ट ऑइल वरच्या रॉकरपर्यंत पोचायला वेळ घेतं. आठवडा-आठवडा उभ्या राहणाऱ्या गाडीची झीज तेव्हाच जास्त होते. आणि उष्णतेचंच म्हणाल तर सिंथेटिक मिनरलपेक्षा जास्त तग धरतं, हे तर ऑइलवाले सगळेच सांगतील.

ड्रमवाला मिस्त्री (दर्यापूर)

ऑइलवाले सांगतीनच ना बाप्पा, त्याहिले इकाचं हाय!

राजेहो, भांडता कायले? माह्या घरी तीन ट्रॅक्टर अन् एक अँबेसडर हाय, १४८९ सीसी पेट्रोलवाली. सगळ्याईले एकाच ड्रमातलं १५डब्ल्यू-४०, सीआय-४ म्हंजे डिझेल इंजिनाचा दर्जा लिवलेलं. दहा वर्सं झाले. गाडी लग्नाच्या वराती करते, गळते बी, पन अँबेसडर गळत नसन त समजाचं आत ऑइलच नाही. डिझेलचं ऑइल जास्त धुते, जास्त सोसते. काळं लवकर होते ते खरं. काळं झालं म्हनजे मळ त्यानं उचलला, त्यात घाबराचं काय?

फक्त ड्रमावर काय लिवलं ते वाचा. ट्रॅक्टरच्या मागच्या हाऊसिंगचं, हायड्रॉलिकचं ऑइल इंजिनात टाकाचं नाही. आमच्याकडं एकानं टाकलं होतं. इंजिनाचं काम कराले आलं माह्याकडंच, म्हनून माहीत हाय.

निवृत्त मास्तर, आयटीआय

इथं दोन आकड्यांची खिचडी झाली आहे, म्हणून लिहितो.

पहिला आकडा, डब्ल्यूच्या आधीचा, हिवाळ्याचा. २०डब्ल्यू ऑइलची थंडीत इंजिन फिरण्याची चाचणी उणे १५ अंशाला घेतात, १५डब्ल्यूची उणे २० ला, ५डब्ल्यूची उणे ३० ला. नागपूरला २०१८ च्या डिसेंबरात पारा साडेतीनवर आला तेव्हा आपण सगळे कुडकुडलो, पण ऑइलच्या हिशेबाने तो उन्हाळाच. म्हणून विदर्भात ५डब्ल्यूसाठी जास्तीचे पैसे मोजायला मला तरी कारण दिसत नाही. ऑइल वर पोचायला वेळ लागतो हे अकोलेकरांचं म्हणणं तत्त्वतः खरं, पण सकाळच्या २५ अंशाला तो फरक किरकोळ.

दुसरा आकडा महत्त्वाचा. १०० अंशाला ऑइल किती दाट राहतं त्याचा. ३० म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या (दाटपणाचं माप) आत, ४० म्हणजे १२.५ ते १६.३, आणि ५० म्हणजे १६.३ ते २१.९. सिंथेटिक असो की मिनरल, गरम झाल्यावर ३० हे ३० च. कापूसवाल्यांनी ५० वरून एकदम ३० वर उडी मारली आहे, तीही जुन्या फटींच्या इंजिनात. दिवा मिचमिचला तर नवल नाही.

बाहेरच्या ४६ अंशांचा बाऊ मात्र करू नका. थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारी झडप) आणि रेडिएटर धड असतील तर पाण्याचं तापमान फार हलत नाही. चेंबरमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळाशी साठलेलं ऑइल वाऱ्यावर थंड होतं, ते उन्हाळ्यात थोडं जास्त तापतं, इतकंच. आता आपल्याकडे गाडी तापली की पहिला थर्मोस्टॅट काढून फेकतात, ती गोष्ट निराळी.

ॲडिटिव्हप्रेमी

मास्तर, झिंकचं राहिलं. पद्मिनी आणि अँबेसडर दोन्हीत कॅमवर घासणारे सपाट टॅपेट आहेत, रोलर नाहीत. त्यांना झिजण्यापासून वाचवणारं झेडडीडीपी, म्हणजे झिंक आणि फॉस्फरसचं रसायन, नव्या ऑइलमधून कमी केलं आहे. मी प्रत्येक वेळी झिंकची बाटली वेगळी टाकतो. तेवढं केलं की ग्रेड कुठलीही चालते.

निवृत्त मास्तर, आयटीआय

अर्धं बरोबर आहे. फॉस्फरसमुळे सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो म्हणून त्यावर ०.०८ टक्क्याची मर्यादा आली. पण एपीआयच्या एसएम आणि एसएन या ऑइल-दर्जांमध्ये ती मर्यादा ३० आणि त्याखालच्या पातळ ग्रेडना आहे, २०डब्ल्यू-५० ला नाही. म्हणजे बाटलीची गरज पडलीच तर ती मुलाने आणलेल्या डब्याला पडेल, मिस्त्रीच्या स्वस्त डब्याला नाही. शिवाय झिंक वाटेल तितकं ओतलं की फायदा वाढत जातो असं नाही, अति झालं तर तेच कॅमचा पृष्ठभाग खराब करतं. मीठ जास्त पडलेल्या वरणासारखं, मग काढता येत नाही.

कापूसवाला (हिंगणघाटजवळ)

मास्तर, आभारी आहे. मुलाला हे सगळं वाचायला पाठवलं. त्याचं उत्तर आलं, "मास्तर जुने आहेत." घ्या आता.

अकोलेकर, बेअरिंग झिजली असेल तर दिवाळीनंतर चार महिने दिवा का नाही लागला? आणि जाड ऑइल हे क्रोसिन असेल तर असू द्या ना. मला हिच्यावर टॅक्सी चालवायची नाही. वर्षाला हजार-बाराशे किलोमीटर चालते. माझ्यानंतर मुलगा ठेवेल की भंगारात देईल, त्याचं तो बघेल.

पुण्यातला अकोलेकर

काका, तुमचाच प्रश्न तुम्हाला. पातळ ऑइल हेच कारण असेल तर चार महिने दिवा का नाही लागला? ऑइल तर दिवाळीपासून तेच आहे.

जीपवाला (ब्रह्मपुरी)

हा खरा सवाल आहे जी. आणि उत्तर कापूसवाल्या भाऊंनीच वर लिहून ठेवलंय, कोणी पाहिलं नाही.

भाऊ, जी गाडी वीस वर्षं महिन्याला पावशेर ऑइल खात होती, ती एकाएकी खायची थांबली? रिंगा सिंथेटिकने दुरुस्त होत नाहीत. खात तर ती असेलच, मग पट्टीवर पातळी जागेवर कशी? वरून काहीतरी भरलं जातंय.

माझी महिंद्राची जुनी पेट्रोल जीप आहे. तिचंही असंच झालं होतं. ऑइल कमी होईना म्हणून मी खुशीत. मग चढावर ठोका ऐकू आला. टाकीतून पेट्रोल खेचणाऱ्या एसी पंपाचा डायफ्रॅम (आतला रबरी पडदा) चिरला होता आणि पेट्रोल थेंब-थेंब चेंबरमध्ये उतरत होतं. पद्मिनीलाही इंजिनावर बसवलेला तसाच पंप आहे, आतून कॅमवर हलणारा. आता पंपावर पेट्रोलही २० टक्के इथेनॉलचं मिळतं. जुन्या रबराला ते मानवत नाही. डायफ्रॅम किती वर्षांचा आहे, आठवतं का?

पट्टी काढा आणि नाकाजवळ धरा. दोन थेंब वर्तमानपत्रावर टाका, चांगल्या ऑइलचा डाग दाट राहतो, पेट्रोल मिसळलेलं झरझर पसरतं. खात्री होईपर्यंत गाडी चालवू नका. अशा ऑइलात ५० टाका की ३०, बेअरिंगला धुपाटणंच हाती येतं. आणि चुलीजवळ, विडी पेटवून हे उद्योग नकोत जी.

थर्मोस्टॅट काढलेला असेल तर तेही बघा. इंजिन नीट गरमच होत नसेल आणि गाडी गावातल्या गावात दोन किलोमीटर फिरत असेल, तर चोकचं कच्चं पेट्रोल आणि पाण्याची वाफ ऑइलातच राहते. ऑइल भरायच्या झाकणाखाली दह्यासारखं पांढरं दिसलं तर समजा.

ड्रमवाला मिस्त्री (दर्यापूर)

हे बाकी पटलं. म्या ग्रेडच्या भांडनात पट्टीचं वाचलंच नाही.

कापूसवाला (हिंगणघाटजवळ)

तीन दिवसांनी लिहितोय.

वास आला. पेट्रोलचाच. पातळीही "जिथल्या तिथं" नव्हती, खुणेच्या वर अर्धं बोट होती. मी चष्म्याशिवाय पाहत होतो. मिस्त्रीने पंप उतरवला, डायफ्रॅम दोन ठिकाणी तडकलेला, हातात घेतला तर वाळलेल्या संत्र्याच्या सालीसारखा. तो शेवटचा कधी बदलला, हे मिस्त्रीलाही आठवेना. थर्मोस्टॅटच्या जागी नुसती पोकळी निघाली. ती करणीही त्याचीच, पण मी काही बोललो नाही. नागपूरहून पंपाची किट मागवली, बसवली. चेंबर पूर्ण रिकामं केलं, फिल्टर बदलला आणि २०डब्ल्यू-५० भरलं.

काल भर दुपारी वर्ध्याला जाऊन आलो. फाटकापाशी दहा मिनिटं मालगाडीसाठी थांबलो. दिवा लागला नाही.

पुण्यातला अकोलेकर

काका, पंप आणि ऑइल एकाच दिवशी बदललंत. मग दिवा नक्की कोणी विझवला?

कापूसवाला (हिंगणघाटजवळ)

मुलानेही अगदी हेच विचारलं. तुम्ही दोघं पुण्यात भेटता की काय?

पुण्यातला अकोलेकर

नाही भेटलो अजून. पण पंप आता चांगला आहे, तर परत ५डब्ल्यू-३० भरून एकदा वर्ध्याला जाऊन या. मग बोलू.

निवृत्त मास्तर, आयटीआय

पन्नास आणि तीसच्या मधे चाळीसही असतं, हे दोघांच्याही लक्षात येत नाही. २०डब्ल्यू-४० कुठल्याही पेट्रोल पंपावर मिळतं.

ड्रमवाला मिस्त्री (दर्यापूर)

ते काढलेलं ऑइल फेकू नका भाऊ. गोठ्याच्या खांबाईले लावा, उदई लागत नाही.

जीपवाला (ब्रह्मपुरी)

मिस्त्री, त्यात पेट्रोल आहे. गोठा पेटवता का?

कापूसवाला (हिंगणघाटजवळ)

डबकीत भरून, झाकण लावून, बांधावरच्या खोलीत ठेवलंय. भंगारवाला नेतो म्हणाला. आणि अकोलेकर, पुढचा ५डब्ल्यू-३० चा डबा तुमच्या पैशानं.