नागपुरात समुद्राचा मासा, तोही इटालियन पद्धतीचा : तुमचे अनुभव लिहा

परवा लग्नाचा वाढदिवस होता म्हणून आम्ही दोघं धरमपेठेतल्या एका गल्लीतल्या छोट्याशा इटालियन हॉटेलात गेलो, जेमतेम आठ टेबलं आणि मेन्यूत निम्म्याहून जास्त मासळी. आपल्याकडे झिरो माइलचा दगड, समुद्र दोन्हीकडे लांब, त्यामुळे धाकधूक होतीच. मी तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, स्पगेटी सांगितली तर मालक स्वतः टेबलाशी आले नि म्हणाले, ताई, तिसऱ्या आज नका घेऊ, बऱ्याच उघड्या पडल्यात, मी देणार नाही, सुरमई सकाळीच आलीय ती घ्या. खरं सांगते, तिथेच विश्वास बसला. सुरमईवर फक्त ऑलिव्ह तेल, लसूण, लिंबू, बाजूला भाजलेले छोटे टमाटे, काटा लावला की पाकळ्या सुटून येत होत्या. तुम्ही कुठे असं खाल्लं असेल तर लिहा, चांगलं वाईट दोन्ही. हॉटेलचं नाव नाही लिहिलं तरी चालेल.

रत्नागिरीची लेक
माझं माहेर कोकणातलं, सासर प्रतापनगर. लग्नाला १२ वर्षं झाली पण तिसऱ्या दिसल्या की अजून जीव कासावीस होतो. मी तीच डिश खाल्ली आहे, व्हाँगोले म्हणतात, मूळ नेपल्सकडची. आमच्याकडे तिसऱ्यांच्या एकशिपीला ओला नारळ नि वाटण लागतं, इथे तेल, लसूण, पार्सली आणि तिसऱ्यांचं स्वतःचं खारट पाणी, बस. शिजूनही न उघडलेल्या दोन शिंपल्या मी बाजूला काढल्या आणि एका रिकाम्या शिंपलीनेच तळाचा रस्सा ओढला, आई ओढायची तसाच. डोळे भरून आले, नवरा विचारत होता तिखट लागलं का.

सदरवाला
माझा अनुभव वाईट. एका मोठ्या चकाचक ठिकाणी माकुळाच्या, म्हणजे स्क्विडच्या, तळलेल्या रिंगा मागवल्या, कॅलामारी, तर अक्षरशः रबर. माकूळ एक-दोन मिनिटांत तळून काढायचं नाहीतर मग पाऊण तास मंद आचेवर शिजू द्यायचं, मधल्यामधे ठेवलं की गेलंच. कोळंबीलाही उग्र वास होता. सांगितलं तर म्हणाले, सर, सी-फूड असंच असतं. असं नसतं! ताज्या माशाला घाण वास येत नाही, समुद्राचा येतो. पैसे पूर्ण घेतले याचा राग आहेच पण पोरांनी त्यानंतर मासाच सोडला याचा जास्त आहे.

मासळीवाल्यांच्या घरचा
मामा याच धंद्यात आहेत म्हणून सांगतो. पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून मासेमारी बंद असते आणि पश्चिमेकडे १ जूनपासून बंदी लागते, म्हणजे जूनचा पहिला पंधरवडा दोन्हीकडच्या मोठ्या बोटी किनाऱ्याला. तेव्हा कोणी ताजी सुरमई म्हणून सांगितलं तर सरळ विचारा, भाऊ, कुठून आली? बर्फातली की फ्रीझरमधली? फ्रीझरमधली वाईटच असते असं नाही, पण खरं सांगायला पाहिजे.

भंडाऱ्याचा पोरगा
आमचे बाबा तलावाच्या मासळीवर वाढलेले, मरळ नि झिंगे, आणि इथे आले की सावजी. त्यांना घेऊन गेलो तर ते म्हणे, याच्यात मसालाच नाही काहून? त्यांनी पास्त्यावर चीज मागितलं, वेटर पोरगा नम्रपणे म्हणाला, काका, माशावर ते लोक चीज नाही घालत, माशाची चव दबते, तरी आणून देतो. बाबांनी नको म्हटलं. मग टमाटे-लसणाच्या पातळ पाण्यात शिजवलेला मासा आला, आक्वा पात्झा, त्याचा अर्थ म्हणे वेडं पाणी. बाबा बराच वेळ काही बोललेच नाही, पावाने वाटी पुसून काढली आणि मग म्हणाले, मासा लागून राहिला ना बाप्पा, नुसता मासा. तलावावर ढिवर लोक मीठ-हळद टाकून उकडायचे तसा, असंही म्हणाले. त्या दिवसापासून घरी मरळ आणली की एक तुकडा असाच होतो, बाकीचा रस्सा झणझणीतच.

लक्ष्मीनगरची
अ‍ॅलर्जी असेल तर ऑर्डरच्या आधी सांगा प्लीज. माझ्या भाच्याला शिंपल्यांचं चालत नाही, त्याने साधा पास्ता घेतला पण कढई तीच होती, रात्री दवाखाना गाठावा लागला.

धागा काढणारी
सगळ्यांचं वाचलं, भंडाऱ्याच्या काकांचं आमच्या ह्यांना दोनदा वाचून दाखवलं. काल मालकांना फोन केला होता, गुरुवारी तिसऱ्या येणार म्हणाले, चांगल्या निघाल्या तर कळवतो. रत्नागिरीच्या ताई, येताय का? मी चार जणांचं टेबल सांगून ठेवते.