सपाट मुलुखात सायकल : कालवे, बांध, जुनी गावं. तुमचे अनुभव लिहा

पाणवठा

परवा ऑफिसात एक नवीन आलेला मुलगा म्हणाला सायकल टूर करायची तर डोंगरात करावी, नेदरलँड्स-बेल्जियममध्ये काय आहे, सगळं टेबलासारखं सपाट. मी तेव्हा काही बोलले नाही पण घरी येईपर्यंत डोक्यात दाम्मचा कालवाच घोळत होता. किती वर्षं झाली त्याला.

बेल्जियममधल्या ब्रुजमधून बाहेर पडलं की दाम्म गावापर्यंत आणि तिथून पुढे हद्द ओलांडून नेदरलँड्समधल्या स्लॉइसपर्यंत हा कालवा जातो, जवळपास सरळ रेघेत, साधारण १५ किमी. दोन्ही काठांना उंच पॉप्लर आणि समुद्रावरच्या वाऱ्याने सगळी झाडं एकाच बाजूला कललेली. हा कालवा नेपोलियनच्या हुकुमाने खणला, खणायला स्पॅनिश युद्धकैदी होते. समुद्रात इंग्रजांचं आरमार, म्हणून जहाजं आतल्या आत शेल्ड नदीपर्यंत न्यायची असा बेत. नेपोलियन गेला आणि कालवा अर्ध्यावर राहिला, म्हणून आज त्यावर मालवाहू गर्दी नाही आणि आपल्याला काठाने निवांत जाता येतं. आणि दाम्म! मध्ययुगात ब्रुजचं बंदर होतं ते, वाईन आणि हेरिंग मासा तिथे उतरायचा. मग झ्विनची खाडी गाळाने भरत गेली, समुद्र लांब गेला, आता चारी बाजूंना शेतं आणि मध्ये गावाच्या मानाने भलंमोठं अर्धवट पाडलेलं चर्च. मी तिथे सायकल टेकवून उभी राहिले आणि या शेतात जहाजं होती हे मनाला पटेचना.

माझं म्हणणं एवढंच की सपाट म्हणजे रिकामं नाही. तिथे रस्ता कुठे वळतो, गाव कुठे वसलं, कुठलं शहर बुडालं न् कुठलं तरलं हे सगळं पाण्याने ठरवलंय आणि ते कळायला सायकलचाच वेग लागतो. लिहा सगळे, लहान-मोठं काहीही चालेल.

उलटवारा

सपाट म्हणजे सोपं म्हणणाऱ्याला एकदा नेदरलँड्सच्या झीलंड प्रांतात ओस्टरस्खेल्डे खाडीच्या बांधावर सोडा!! तिथे समोरच्या वाऱ्यात सायकल चालवायची खरोखरची स्पर्धा होते, ८.५ किमी, बिनगिअरच्या सरळ बसायच्या साध्या सायकली, आणि वादळ येणार असं दिसलं की मगच जाहीर करतात. डोंगराचा चढ कधीतरी संपतो, उतार मिळतो. वारा संपत नाही, आणि आडोसा म्हणाल तर एक झाड नाही. माझी पद्धत सांगतो, आदल्या रात्री वाऱ्याची दिशा बघायची, बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून असतो, मग ट्रेनने वाऱ्याच्या तोंडाकडे जायचं आणि सायकलने परत यायचं. बायको पहिल्यांदा याच अटीवर आली होती, आता तीच पुढे असते.

सोनसळी

वाचतेय. बाळ झोपलं की लिहिते.

निवांत_पेडल

सायकलवाटांच्या नंबरांबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही अजून? दोन रस्ते मिळतात तिथे खांबावर नंबर, आणि पुढचे नंबर कुठल्या दिशेला त्याचे बाण. आपण फक्त नंबरांची यादी करायची, हँडलला चिकटवायची, निघायचं. ही पद्धत १९९५ मध्ये बेल्जियमच्या लिंबुर्ग प्रांतात सुरू झाली, ह्यूगो बोलन नावाच्या खाण इंजिनिअरच्या डोक्यातून. खाणीत बोगदे जिथे मिळतात तिथे नंबर असायचे म्हणे, तेच त्याने जमिनीवर आणलं. नंतर सगळ्या फ्लँडर्सभर (बेल्जियमचा डच बोलणारा भाग) आणि नेदरलँड्सभर पसरलं.

बाबा आले होते तेव्हा मी कामावर असायचो आणि ते घरात कंटाळायचे. भाषा येत नाही, फोनचा नकाशा त्यांना आवडत नाही. एक दिवस मी चिठ्ठीवर सात-आठ नंबर लिहून दिले, म्हटलं बाबा ५१ दिसला की ५२ शोधा. संध्याकाळी आले ते चेहरा लाल, खूष, कालव्याकाठच्या कुठल्याशा बाकावर एका डच आजोबांसोबत तासभर बसले होते, दोघांना एकमेकांचा शब्द कळत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला नंबर मागायला माझ्या खोलीत हजर. आता ते नाहीत. खांब दिसला की मी थांबतो थोडा वेळ.

पाणवठा

@निवांत_पेडल दादा, वाचून गलबलून आलं. बाबांचं खरंच कौतुक.

झुळूक

+१ निवांत, डोळे ओले.

मी पश्चिम फ्लँडर्सचं लिहिते. नियुपोर्ट ते डिक्समाउड जुन्या रेल्वेलाईनवरून सायकलवाट आहे, फ्रंटझाटे म्हणतात. १९१४ च्या ऑक्टोबरच्या शेवटी जर्मन फौजा आइझर नदीपाशी आल्या तेव्हा बेल्जियन लोकांनी नियुपोर्टच्या जलद्वारांची दारं भरतीला उघडायची आणि ओहोटीला लावायची असं करून समुद्र शेतात घेतला. काम कसं करायचं ते माहीत असलेली माणसं दोन, कारेल कॉगे आणि बोट चालवणारा हेंड्रिक गेरार्ट. आणि पाणी आपल्या बाजूला येऊ नये म्हणून बांध कुठला, तर हाच रेल्वेचा भराव! आपण ज्याच्यावरून सायकल चालवतो तो. एका बाजूला तेव्हा पाणी, दुसऱ्या बाजूला सैनिक, चार वर्षं. आज दोन्हीकडे गाई. जमीन सपाट आणि जेमतेम समुद्रसपाटीची, म्हणून तर हे शक्य झालं.

इपरला मेनिन गेटखाली, म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या स्मारक-कमानीखाली, रोज रात्री ८ ला बिगुल वाजतो, १९२८ पासूनची प्रथा आहे. भिंतीवर ५४,००० च्या वर नावं, ज्यांना थडगं नाही त्यांची. त्यात आपल्या हिंदुस्थानी पलटणींची नावं दिसली तेव्हा मी सायकलचे ग्लोव्ह्ज काढून हात जोडले, दुसरं काही सुचलं नाही.

उलटवारा

झुळूकताई, तिथून दक्षिणेला फ्रान्सच्या हद्दीत न्यव्ह शापेलला पण जाऊन या. भारतीय सैनिकांचं स्मारक आहे १९२७ चं, गोल भिंत, दगडी जाळी, कमळाचा खांब, ४,७०० च्या वर नावं. रस्ता पूर्ण सपाट, दोन्हीकडे शेतं, गर्दी अजिबात नाही.

झुळूक

नक्की. थँक्यू 🙏

तळ्यातमळ्यात

थोडं वेगळं विचारते, भाड्याच्या सायकलला हँडलवर ब्रेकच नव्हता!! पेडल उलटं फिरवलं की थांबते म्हणे. सगळ्यांना अशीच मिळते का? मी सवयीने सिग्नलला पेडल मागे घेतलं आणि जागच्या जागी खिळले, मागच्या आजी किणकिण करत बाजूने गेल्या.

निवांत_पेडल

साध्या डच सायकलला तसाच असतो, तासाभरात पायाला सवय होते. लांब जायचं असेल तर सांगून हँडलब्रेक आणि गिअरवाली घ्या.

सोनसळी

झोपलं एकदाचं.

किंडरडाइक. रॉटरडॅमहून वॉटरबसने गेलो, सायकल बोटीतच घेतात. १९ पवनचक्क्या, बहुतेक १७४० च्या आसपासच्या, अजून काहींमध्ये लोक राहतात, दोरीवर कपडे वाळत असतात. बसने आलेले लोक फाटकापाशी फोटो काढून परत जातात, तुम्ही मात्र कालव्याच्या काठाने शेवटच्या चक्कीपर्यंत जा. मग कळतं त्यांचं काम, खालच्या जमिनीतलं पाणी उचलायचं, वरच्या साठ्यात टाकायचं, आणि नदीची पातळी उतरली की तिच्यात सोडायचं. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे पात्यांची भाषा. चक्की थांबवताना पातं अगदी वर यायच्या जरा आधी थांबवलं तर घरात आनंदाची बातमी, वर येऊन जरा पुढे गेल्यावर थांबवलं तर दुःखाची. सगळ्या सपाट मुलुखाला लांबून दिसणार ना. उठला वाटतं, येते

कोरडवाहू

लुवेस्टाइनचा किल्ला घ्या यादीत. खोरिंखेमहून छोट्या बोटीने सायकलसकट नदी ओलांडायची. ह्यूगो ग्रोटियस, समुद्र सगळ्यांचा असं मांडणारा कायदेपंडित, तो इथे जन्मठेपेवर होता. त्याला वाचायला पुस्तकांची पेटी यायची-जायची, १६२१ मध्ये बायकोने त्याच पेटीत नवऱ्याला बसवून बाहेर काढलं. पहारेकऱ्यांनी स्वतः उचलून बोटीत ठेवली पेटी! आमचा धाकटा हे ऐकून परत येताना प्रत्येक पॅनियर (सायकलला अडकवायची पिशवी) उघडून बघत होता.

हा किल्ला जललाइनीत, म्हणजे पाणी सोडून शत्रूला अडवायच्या संरक्षण-रेषेत पण येतो. शत्रू आला की शेतात पाणी सोडायचं, साधारण गुडघ्याएवढं, म्हणजे चालत येता येणार नाही कारण खड्डे-चर दिसत नाहीत आणि बोटीलाही उथळ. १६७२ मध्ये फ्रेंच फौज अशा पाण्यानेच अडवली. नंतर बांधलेली नवी लाइन २०२१ पासून जागतिक वारशात आहे. मुलांना घेऊन जायला या किल्ल्यांच्या माळेसारखी वाट नाही, दर थोड्या अंतरावर एक किल्ला, खंदक, बदकं, चढ शून्य.

तळ्यातमळ्यात

नेदरलँड्समध्ये ट्रेनमध्ये सायकल कधीही नेता येते का? मला एकदा चढू दिलं नाही आणि कारण नीट कळलंच नाही.

पाणवठा

कामाच्या दिवशी सकाळी ६:३० ते ९ आणि दुपारी ४ ते ६:३० नाही चालत, जुलै-ऑगस्ट सोडून. सायकलचं वेगळं तिकीट लागतं. घडीची सायकल घडी घालून कधीही, फुकट. आणि राहायला 'फ्रिंडेन ऑप द फीट्स'चं सदस्यत्व घ्या, सायकलवाल्यांना लोक आपल्या घरात उतरवतात, नाश्त्यासकट.

कोरडवाहू

हे माहीत नव्हतं, आजच बघतो. @उलटवारा पुढच्या महिन्यात फ्रीसलँडला निघतोय, तुझे मोठे पॅनियर मिळतील का?

उलटवारा

मिळतील की. एकाची क्लिप सैल आहे, शनिवारी बसवतो, रविवारी येऊन घेऊन जा.

सोनसळी

फ्रीसलँडला आम्हीपण!! तारखा कळवा कोरडवाहू, व्यनि करते.