कॅथलिक शाळेतील श्रद्धा तुमच्यापर्यंत कशी पोहोचली? (अनुभव धागा)

बाराची घंटा
परवा मुलीच्या शाळेत पालकसभा झाली. शाळेतील श्रद्धेचे वातावरण दृढ कसे करावे, यावर तासभर चर्चा चालली. भिंतीवरची वचने, प्रवेशद्वाराशी मोठा क्रूस, परिपाठाचा नवा आराखडा अशी यादी वाढत असताना माझे मन मात्र आमच्या गणिताच्या तासाला जाऊन बसले होते. दुपारी बाराला देवदूताच्या प्रार्थनेची (देवदूताने मारियेला दिलेल्या निरोपाचे स्मरण करणाऱ्या प्रार्थनेची) घंटा होत असे. सर फळ्यावर ‘क्ष बरोबर’ एवढे लिहून थांबत, खडू खाली ठेवत, बोटे रुमालाला पुसत आणि आवाज मुळीच न चढवता प्रार्थनेला सुरुवात करत. तिच्यातल्या तीन ‘नमो मारिया’ (मारियामातेला केलेल्या छोट्या प्रार्थना) संपल्या की पुन्हा तोच खडू आणि तेच समीकरण. या प्रार्थनेवर त्यांनी कधी प्रवचन दिल्याचे आठवत नाही. पण गणितासारखे गणित अर्ध्यावर सोडून हा माणूस रोज उभा राहतो, याचे मला फार नवल वाटे. पुढच्या सभेत बोलण्याची पाळी माझी आहे, म्हणून तुमचे बरेवाईट अनुभव अवश्य लिहावेत.

निवृत्त_बाई
आमच्याकडे हीच घंटा ध्वनिक्षेपकावरून होई आणि स्टाफरूममध्ये वह्या तपासणारे आम्ही मान वर करत नसू. मुलांना हे दिसत नाही अशी आमची समजूत होती, ती एका सहावीतल्या मुलीने ‘बाई, तुमची घंटा वेगळी असते का?’ असे विचारून मोडली. त्यानंतर मुख्याध्यापिकांनी मुलांसाठी नवे काहीही सुरू केले नाही. शुक्रवारी सकाळी शिक्षकांनीच दहा मिनिटे शुभवर्तमानातील (बायबलमधील येशूच्या जीवनकथेतील) एक उतारा वाचून शांत बसायचे, एवढेच ठरले. पहिले काही महिने अवघडलेपणात गेले, हे कबूल करते. विद्यार्थ्याने शाळेत पाऊल टाकताच श्रद्धेने उजळलेल्या वातावरणात आल्यासारखे त्याला वाटावे, असे व्हॅटिकनच्या १९८८च्या शिक्षणविषयक दस्तऐवजात म्हटले आहे. ते वातावरण स्टाफरूममधून निघते, असे माझे मत आहे.

मागचा_बाक
वाईट अनुभव माझ्याकडे आहे. पापनिवेदनाच्या (धर्मगुरूंना एकांतात आपली पापे सांगण्याच्या) रांगेशी वर्गशिक्षक हजेरीपट घेऊन उभे राहत आणि जो गेला नाही त्याचे नाव परिपाठात वाचले जाई. मी सात वर्षे तीच तीन पापे सांगितली, त्यातले एक तर केलेलेही नव्हते. श्रद्धा स्वीकारण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही, असे ख्रिस्तसभेचा (चर्चचा) स्वतःचा कायदाच सांगतो. आमच्या शाळेत तो कुणी वाचला नसावा. पुढे बरीच वर्षे मी मिस्सेला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) गेलो नाही. हल्ली जातो, मागच्या बाकावर बसतो.

क्षचे_उत्तर
सर्वांचे अनुभव आदराने वाचत आहे, परंतु ‘क्ष बरोबर’ किती, हे धागाकर्तीने सांगितलेले नाही.

पाहुणी
मी कॅथलिक नाही. धर्मशिक्षणाच्या तासाला आम्ही काहीजणी नीतिशिक्षणासाठी दुसऱ्या वर्गात बसत असू, आणि ते पुस्तक इतके गुळगुळीत होते की त्यातले आज काहीही आठवत नाही. माझे वडील गेले तेव्हा मात्र सिस्टर घरी आल्या, आईजवळ बसल्या, आणि ‘आमच्या पद्धतीने प्रार्थना केली तर चालेल का?’ असे त्यांनी आधी विचारले. आई ‘हो’ म्हणाली. त्या विचारण्यामुळे मला त्यांचा धर्म पहिल्यांदा जवळचा वाटला.

सध्या_सेवेत
आमची शाळा गरीब मुलांसाठी काम करणारे इटालियन धर्मगुरू डॉन बॉस्को (१८१५–१८८८) यांच्या परंपरेतली. रात्री झोपण्यापूर्वी ते मुलांशी दोन-चार मिनिटे बोलत. त्याचेच आम्ही सकाळचे बोलणे केले आहे. पाळी सर्व शिक्षकांची असते, केवळ फादरांची नव्हे. भौतिकशास्त्राच्या सरांनी एकदा परीक्षेत आपण केलेली कॉपी आणि नंतर मागितलेली क्षमा यांविषयी सांगितले, तेव्हा सभागृहात कुणी खोकलेसुद्धा नाही.
सेवाकार्याबद्दलही एक सांगतो. वृद्धाश्रमाची भेट आमच्याकडे सहल होऊन बसली होती. आता परतल्यावर प्रत्येकाने, आपण ज्यांच्याशी बोललो त्यांचे नाव आणि त्यांनी सांगितलेली एक गोष्ट लिहायची असते. ज्याला नाव आठवत नाही, तो पुढच्या वेळी त्याच व्यक्तीकडे जातो.

दोन_मुलांची_आई
सगळे शाळेवर टाकून चालणार नाही. मुलांचे पहिले शिक्षक आईवडील आहेत, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने) २८ ऑक्टोबर १९६५च्या शिक्षणविषयक घोषणेत स्पष्ट म्हटले आहे. माझा धाकटा जेवणाआधी हात जोडून थांबतो आणि आम्ही फोन चाळत असतो. त्याने चिकाटी अजून तरी सोडलेली नाही.

बाराची घंटा
@मागचा_बाक, हजेरीपटाची गोष्ट सभेत सांगितली तर चालेल का? शाळेचे नाव अर्थातच घेणार नाही.
@क्षचे_उत्तर, उत्तर आठवत नाही, पण घंटा आठवीची मुले पाळीपाळीने वाजवत आणि एकाने उत्साहाच्या भरात ती पावणेबारालाच वाजवली होती. सरांनी घड्याळाकडे पाहिले, खडू ठेवला, पूर्ण प्रार्थना म्हटली आणि बाराला कुणीही घंटा वाजवली नाही, तरी पुन्हा एकदा खडू ठेवला.