बाप्तिस्म्याची नोंद सापडत नाही म्हणून थांबू नका

१७८८ च्या आसपास स्कॉटलंडमधल्या पर्थशायर परगण्यात जन्मलेल्या पूर्वजाची बाप्तिस्म्याची नोंद मिळत नाही, अशी अडचण एकाने मांडली आहे, त्यावर थोडं सांगतो. १७८३ ते १७९४ या काळात चर्चच्या रजिस्टरमधल्या प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता, त्यामुळे बऱ्याच लोकांनी मुलांची नावं चढवलीच नाहीत. शिवाय ही रजिस्टरं ज्याची होती त्या चर्च ऑफ स्कॉटलंड या तिथल्या मुख्य चर्चमधून फुटून निघालेल्या मंडळींची नोंद या रजिस्टरात असेलच असंही नाही.

माझ्या मते उलटीकडून यावं, म्हणजे १८५५ पासून सरकारी नोंदणी सुरू झाली ती धरून मागे जायचं, कारण तिथल्या मृत्यूच्या दाखल्यावर आईवडिलांची नावं असतात, आईचं माहेरचं आडनावसुद्धा, आणि तेवढ्यावर पुष्कळ काम होतं. बायकांची माहेरची नावं स्कॉटिश कागदांत टिकून राहतात हे मला फार मोलाचं वाटतं. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं नाव ठेवायची पद्धत बरीच होती, पण तो फक्त अंदाज, पुरावा नाही.

आणि कर्क सेशनची मिनिट्स नक्की बघा! म्हणजे चर्चच्या पंचांची कामकाजवही, लग्नाआधी मूल झालं की आईला बोलावून बाप कोण ते विचारायचे आणि ते तसंच्या तसं लिहून ठेवायचे, गरिबांना दिलेली मदत आणि शवपेटीवर घालायच्या कापडाचं भाडंही काही ठिकाणी त्यांच्याच हिशेबात सापडतं, मृत्यूची नोंद नसेल तेव्हा हाच आधार. स्कॉटलंड्स पीपल या स्कॉटलंडच्या जुन्या नोंदींच्या सरकारी साइटवर यातल्या बऱ्याच वह्या फुकट वाचता येतात, फक्त नावाने सर्च होईलच असं नाही, पानं चाळावी लागतात.