फाइल मॅनेजरमधे गणिताची पानं उघडायचीच कशाला?

रामबागवाला: काल सुदामाभाऊंनी लिहिलं की फाइल मॅनेजरने फाइली दाखवाव्या, गणिताचं पान बघायचं असेल तर ब्राउझर उघडा, आणि कॉन्कररवाले, म्हणजे फाइल मॅनेजर नि ब्राउझर एकातच असलेला तो प्रोग्राम वापरणारे आम्ही, अजून २००० सालातच आहोत. वाचून डोकंच फिरलं. माझ्या सगळ्या नोट्स एचटीएमएलमधे, फोल्डर लावून ठेवलेल्या. डावीकडे फोल्डरचं झाड, उजवीकडे पान, एका उदाहरणावरून दुसऱ्यावर जायला एक क्लिक पुरते. ब्राउझरमधे तेच करायला गेलं की टॅबांची गर्दी होते आणि कुठलं इंटिग्रेशन कुठे उघडलंय तेच सापडत नाही.

सुदामानगर: बरं, पण त्या काळी कॉन्कररमधे सूत्र दिसायचं का ते सांगा ना. वेबपानात सूत्र लिहायची भाषा, मॅथएमएल, १९९८ पासून आहे, पण कॉन्कररमधलं पान रंगवणारं इंजिन, केएचटीएमएल, त्याला ते कधी कळलंच नाही. एक छेद दोन लिहिलं तर मधली रेघ गायब, समोर सरळ १२! असं बघून पोरगं काय शिकणार?

रामबागवाला: ते जुनं इंजिन होतं हो, तेवढं मान्य. आता कॉन्कररच्या आत क्रोमियम, म्हणजे क्रोमचंच इंजिन, बसतं आणि क्रोमियममधे आवृत्ती १०९ पासून, म्हणजे जानेवारी २०२३ पासून, मॅथएमएल चालतं. इगालिया कंपनीच्या लोकांनी त्यावर किती खपून काम केलंय. कॉन्करर ज्या क्यूटीवर बांधलाय त्याच्या ६.५ मधे क्रोमियम १०८ होतं म्हणून थोडक्यात हुकलं, ६.६ मधे ११२ आलं. छेदाची रेघ जिथे पाहिजे तिथे येते.

भंवरकुआं_सर: मुळात एचटीएमएल हवंय कोणाला? मी क्लास घेतो, पीडीएफ दिली की झेरॉक्सवाल्याकडे जशीच्या तशी निघते. एका मुलाने मॅथजॅक्सचं पान, नेटवरून स्क्रिप्ट घेऊन सूत्र रंगवणारं, सेव करून आणलं, दुकानात नेट नव्हतं, कागदावर सूत्रांऐवजी सगळे डॉलर आणि बॅकस्लॅश. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी त्याला बसून हाताने लिहून दिलं मी.

पलासिया_मावशी: सर, माझ्या भाच्याला दिसत नाही. तुमच्यासारख्यांच्याच पीडीएफ येतात त्याच्याकडे, त्यात सूत्रांचे फोटो चिकटवलेले. पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर तिथे येऊन गप्प बसतो. मॅथएमएलचं पान असलं की एनव्हीडीए नावाचा त्याचा स्क्रीन रीडर, सूत्र वाचणारं मॅथकॅट लावून, वरचं काय खालचं काय नीट वाचून दाखवतो.

भंवरकुआं_सर: मावशी, तुमच्या एका भाच्यासाठी सगळ्या वर्गाच्या नोट्स बदलू का?

पलासिया_मावशी: एकच आहे म्हणून सोडून द्यायचा? फी तर त्याच्याकडूनही पूर्ण घेतात सगळे! रात्री त्याची आई शेजारी बसून एकेक सूत्र वाचून सांगते, आणि तिने स्वतः बारावीत गणित घेतलेलं नाही. कधी बसून बघा तिच्या बाजूला.

भंवरकुआं_सर: चिडू नका. ज्याला लागेल त्याला एचटीएमएल देईन. पण झेरॉक्सला पीडीएफच जाणार, त्यात बदल नाही.

सुदामानगर: विषय कुठल्या कुठे नेला सगळ्यांनी. माझा मुद्दा वेगळा आहे भिया, कोणीतरी पेनड्राइव्हवर पान दिलं, मी नुसती फाइल निवडली आणि आतली स्क्रिप्ट, म्हणजे पानातला प्रोग्राम, आपोआप चालू झाली, हे मला नको.

रामबागवाला: अहो, म्हणूनच तर मॅथएमएल म्हणतोय! मॅथजॅक्सला स्क्रिप्ट लागते, मॅथएमएल इंजिन स्वतःच रंगवतं. जावास्क्रिप्ट पार बंद ठेवा, सूत्र तरी दिसणारच.

सुदामानगर: स्क्रिप्ट बंद असेल तर चालेल, तेवढ्यापुरतं. पण डिफॉल्ट नको, ज्याला पाहिजे त्याने सेटिंगमधे जाऊन चालू करावं.

पलासिया_मावशी: आणि ज्याला ते सेटिंगच दिसत नाही त्याने?