धनुष्याने मासेमारी: पहिलं धनुष्य रिकर्व्हच घ्यावं. पटत नसेल तर खोडून काढा

करवीरचा_नेमबाज

आपल्याकडे मातीच्या शेततळ्यात किंवा पाणी भरलेल्या जुन्या खाणीत, मालकाला विचारून, धनुष्याने मासा मारायचा असेल तर पहिलं धनुष्य सुटं होणारं रिकर्व्हच (टोकं पुढे वळलेलं साधं धनुष्य) घ्यावं. लांबी ६० इंचांच्या आसपास, ताण ३५ ते ४० पौंड. कंपाउंड (टोकांना कॅम म्हणजे चाकं आणि केबल असलेलं धनुष्य) नंतर बघता येईल.

कारण मासा वेळ देत नाही. सायप्रिनस (कॉमन कार्प) काठाला येतो, तळ उकरतो, पाणी गढूळतं आणि दोन-तीन सेकंदांत तो दिसेनासा होतो. तेवढ्यात ओढायचं आणि सोडायचं. रिकर्व्ह पाऊण ओढलं तरी बाण सरळ जातो, फक्त जोर कमी पडतो. टार्गेटच्या कंपाउंडला अर्ध्या ओढीत ताण सगळ्यांत जास्त असतो आणि पुढे गेल्यावर ६५ ते ८० टक्के उतरतो. म्हणजे पूर्ण ओढून ‘भिंतीला’, म्हणजे ओढ जिथे अडते तिथे, टेकवल्याशिवाय नेम बसत नाही, आणि मध्येच सोडलं तर ऐन जड जागी सोडलं जातं.

शिवाय कंपाउंडचा वेग इथे फारसा उपयोगाला येत नाही. मासेमारीचा भरीव फायबरचा बाण ३२ इंच लांब, ५/१६ इंच जाड, वजनाला साधारण १४०० ग्रेन, म्हणजे ९० ग्रॅम. स्पर्धेतला बाण २०-२५ ग्रॅमचा. इतका जड बाण मागे दोरी ओढत जाणार, त्याला ताशी किती किलोमीटर वेग ते विचारून काय करणार?

ताण बघताना एक गोष्ट लक्षात ठेवा. लिंबवर (धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यावर) लिहिलेले ४० पौंड हे २८ इंच ओढीचे असतात. दर इंचाला साधारण दोन-अडीच पौंड कमी-जास्त होतात. ज्याची ओढ २६ इंच आहे त्याच्या हातात ते धनुष्य ३५ पौंडांचंच आहे.

बरगे_आणि_बंधारा

सगळी कंपाउंड टार्गेटचीच असतात असं धरून तुम्ही निकाल देताय दादा. मासेमारीसाठी बनवलेल्या कंपाउंडचा कॅम वेगळा असतो. लेट-ऑफ, म्हणजे पुढे गेल्यावर ताण उतरणं, जवळजवळ नाही, ओढीची लांबी ठरलेली नाही. २५ इंचवाला आणि ३० इंचवाला दोघं एकच धनुष्य वापरू शकतात आणि वाटेल तिथे सोडू शकतात. काही मॉडेलना तर लेट-ऑफ चालू-बंद करायची सोय असते.

आता लांबीचं बघा. ६० इंचांचं रिकर्व्ह घेऊन शेततळ्याच्या उतारावर गुडघा टेकून बसा आणि दहा फुटांवर खाली नेम धरा. खालचं लिंब बांधाला नाहीतर पाण्याला लागतं. लिंब सुटताना कशालाही घासलं की बाण वाकडा जातोच, लिंबला चीरही पडू शकते. कंपाउंड ३०-३२ इंचांचं असतं, ती अडचणच येत नाही. काहिलीत (गुळाच्या मोठ्या कढईत, नावेसारखं) बसून मारणाऱ्यांचा विषय तर मी काढतच नाही. काहील कलंडते, आत उभं राहून ओढायचा विचारही करू नये.

करवीरचा_नेमबाज

लांबीचा मुद्दा मान्य, त्यात वाद नाही. धनुष्य थोडं तिरकं धरलं की बरंच भागतं, पूर्ण नाही.

पण कंपाउंडची केबल निसटली, कॅमवरून स्ट्रिंग उतरली, तर ती चढवायला प्रेस (लिंब दाबून धरणारं यंत्र) लागतो. काठावर बसून ते होत नाही. रिकर्व्हची स्ट्रिंग तुटली तर खिशातली दुसरी काढायची, स्ट्रिंगरने (स्ट्रिंग चढवायच्या दोरीने) चढवायची. स्ट्रिंगरनेच हं, पाय घालून लिंब वाकवू नका, पिळा पडतो. आणि ३५ जड वाटलं किंवा हात बसल्यावर ४५ हवं झालं, तर रायझर (मधला मुठीचा भाग) तोच ठेवून फक्त लिंब बदलायचे.

पंचगंगाकाठ

इंडियन राउंड स्पर्धेचं बांबूचं धनुष्य चालेल का? घरात आहे.

करवीरचा_नेमबाज

नको भावा. बाणाच्या दोरीची रील बसवायला पुढे आटे असलेलं भोक लागतं, ते बांबूला नसतं. भोक पाडलं तर मूठ कमजोर होते. चिकटपट्टीने रील बांधली तर ओल्या हातात ती फिरते, आणि रील जागची हलली की पुढे काय होतं ते कुणीतरी इथे सविस्तर लिहा.

दोरी_आधी

लिहितो. धनुष्यावरून एवढी चर्चा झाली आणि दोरीवर अजून कुणी बोललेलं नाही, याचं खरंच वाईट वाटतं. या खेळात माणसाला इजा होते ती बहुतेक दोरीमुळेच.

बाणाच्या शेपटीला भोक दिसलं म्हणून दोरी थेट तिथे बांधू नका. तशी बांधली की ती स्ट्रिंगच्या आसपास लोंबते. सोडताना एक वेढा स्ट्रिंगला, केबलला किंवा मनगटाला बसला की बाण दोरीच्या टोकाला जाऊन थांबतो आणि उलटा फिरून तोंडावर येतो. म्हणून बाणावर सरकती कडी असते. दोरी कडीला बांधायची. बाण चढवला की कडी पुढे, बाण टेकतो त्या जागेपाशी राहते, म्हणजे सगळी दोरी धनुष्याच्या पुढच्या बाजूला. बाण सुटला की कडी शेपटीकडच्या अडणीपर्यंत सरकते आणि तिथून दोरी मागे ओढली जाते. ओढण्याआधी दर वेळी नजर टाका: कडी पुढे आहे का, दोरी मोकळी आहे का.

तंगूस (गळाची नायलॉनची एकेरी दोरी) वापरू नका. तो ताणला जातो आणि रबरासारखा परत येतो. २०० पौंडांची विणलेली दोरी घ्या.

रीलचं म्हणाल तर बटणवाल्या रीलला बटण दाबायचं विसरलं की दोरी सुटतच नाही, आणि पुन्हा तोच प्रकार: बाण उलटा. मासा दिसल्यावर माणूस विसरतोच. बाटलीवाल्या रीलला बटण नसतं, दोरी बाटलीतून आपोआप उचलली जाते. नवख्याने तीच घ्यावी. तिची खोड एकच. दोरी परत भरताना केंदाळाची मुळं आत गेली की पुढच्या वेळी गुंता होतो, म्हणून दोरी बोटांच्या चिमटीतून निपटत भरायची.

टोकाचे उलटे काटे मासा काढताना टोक सैल करून फिरवावे लागतात. ते परत घट्ट करायचं राहिलं तर टोक तळातच राहतं.

शिरोळचा_शेतकरी

सगळे शेततळं शेततळं म्हणताय म्हणून सांगतो: ज्या तळ्यात प्लास्टिकचा कागद आहे तिथे धनुष्य काढूच नका. तो कागद ५०० मायक्रॉनचा, म्हणजे अर्धा मिलिमीटर. चुकलेला बाण सरळ आरपार. वर काट्यांमुळे ओढून काढताना भोकाची फाट होते. पाणी कुठून जातंय ते तळं रिकामं केल्याशिवाय सापडत नाही, आणि ऐन उन्हाळ्यात मालकाचं पाणी गेलं तर त्याची भरपाई माशात होत नाही.

मातीच्या तळ्यातही ४५-५० पौंड कशाला? पाव-अर्धा किलोची चिलापी (तिलापिया) असते. बाण तिच्यातून निघून तळात रुततो आणि मासा फाटतो. ३० पुरे.

करवीरचा_नेमबाज

कागदाचा मुद्दा मी पहिल्याच पोस्टमध्ये ठळक लिहायला हवा होता. नुसतं ‘मातीच्या’ म्हणून पुरत नाही. चिलापीला ३० ठीक. पण सायप्रिनस तीन-चार किलोचा झाला की खवले जाड होतात आणि पाणी दोन फूट असलं तरी बाणाचा जोर झपाट्याने मरतो. तिथे ४० लागतात.

गळकरी

मला मुळातच पटत नाही. गळाला लागलेला मासा नको असेल तर सोडता येतो, बाण लागलेला सोडता येत नाही. अंगठ्याएवढा फरक ओळखायला चुकला की अंड्यांनी भरलेली मादी गेली. पावसाळ्यात रोहू, कटला अंडी घालतात, तेव्हा कुणी थांबणार का?

आणि जागांचं स्पष्ट लिहा. धरणं-तलावांचे मासेमारीचे हक्क मच्छीमार संस्थांना ठेक्याने दिलेले असतात, तिथे तुमचं धनुष्य म्हणजे त्यांच्या मालावर हात. राधानगरी अभयारण्यात तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारच बंद. बंधाऱ्याखाली पाणी उथळ आणि मासा भरपूर, म्हणून लोकांना मोह होतो, पण तिथे दगड आहेत, धुणं धुणाऱ्या बायका आहेत. दगडावरून बाण उसळतो. कासव आणि मगर दोन्ही संरक्षित आहेत. पाण्यात नुसती हालचाल किंवा बुडबुडे दिसले म्हणून मारणाऱ्याला मी मासेमार म्हणणार नाही.

बरगे_आणि_बंधारा

जागांबद्दल शंभर टक्के बरोबर. पण ‘सोडता येत नाही’ याचंच उत्तर म्हणजे दिसल्याशिवाय न मारणं. गळ तरी लागेपर्यंत कोणता मासा आहे ते कुठं सांगतो? धनुष्यवाला आधी बघतो, मग ठरवतो. म्हणूनच पोलराइज्ड चष्मा आधी घ्यावा, धनुष्य मागून. त्याने पाण्यावरची चमक कापली जाते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी नितळ, ऊन डोक्यावर आलं की तळ दिसतो.

गळकरी

दिसतो, पण असतो तिथे दिसत नाही.

दोरी_आधी

म्हणून तर खाली नेम धरायचा. पाण्याचा अपवर्तनांक १.३३. सरळ वरून पाहिलं तरी चार फूट खोल मासा तीन फुटांवर दिसतो, तिरकं पाहिलं तर आणखी वर. ढोबळ नियम असा: दहा फूट लांब आणि एक फूट खोल असेल तर चार इंच खाली. खोली दुप्पट झाली तर आठ इंच. पंधरा फुटांपलीकडे मारू नका. कोन पसरट झाला की बाण पाण्यावरून उसळून पलीकडच्या काठाला जातो. सरावाला वाळू भरलेली प्लास्टिकची बाटली एक फूट पाण्यात बुडवा. दहातले सात लागेपर्यंत माशाकडे वळू नका.

बरगे_आणि_बंधारा

माझं मत अजून कंपाउंडकडेच आहे. पण जो घ्यायला जाईल त्याने दुकानात एवढं करावं: स्ट्रिंग अर्धी ओढून पाच सेकंद थांबा, मग हळूहळू परत न्या. बाणाशिवाय सोडायची नाही, लिंब फुटतात. अर्ध्यावर हात थरथरला तर ताण जास्त आहे. पुढे गेल्यावर एकदम हलकं वाटलं तर ते टार्गेटचं आहे, परत ठेवा.

करवीरचा_नेमबाज

हीच परीक्षा रिकर्व्हलाही घ्या, आणि गुडघा टेकून घ्या. उभ्याने ४० पौंड ओढणाऱ्याला बसून ३५ सुद्धा जड जातात.