पहिली एआर-१५ रायफल घ्यायची आहे, फक्त टार्गेटसाठी. काय बघून घेऊ?

फ्रिस्कोकर

नमस्कार मंडळी. मुक्काम डॅलसच्या उत्तरेला, फ्रिस्को. ग्रीन कार्ड एकदाचं हातात पडलंय, आणि ऑफिसातल्या एका टेक्सन मित्राने नेमबाजीच्या रेंजवर नेऊन हौस लावलीय. त्याच्या एआरवर १०० यार्डांवरच्या कागदाला भोकं पाडली आणि मजा आली, खोटं कशाला बोलू. शिकार करायची नाही, घराच्या संरक्षणाचंही डोक्यात नाही. महिन्यातून एखाददुसऱ्या शनिवारी रेंज, एवढंच.

बजेट सगळं मिळून १५०० डॉलर. दुकानात गेलो तर तो पोरगा १६ इंची, २० इंची, .२२३, ५.५६, रेड डॉट, स्कोप असं धडाधड बोलत सुटला. अर्धं डोक्यावरून गेलं. एक जवळचा मित्र (एच-१बीवर आहे) म्हणतो, निम्मे पैसे मी टाकतो, दोघांत एक घेऊ.

आणि हो, घरी विरोध आहे. २०२३ च्या मे महिन्यात अ‍ॅलनच्या मॉलमध्ये गोळीबार झाला, आठ माणसं गेली. ते ठिकाण आमच्यापासून वीस मिनिटांवर. गेलेल्यांत तेलंगणातली एक तरुण इंजिनियर होती. बायको म्हणते, तसलीच बंदूक आपल्या घरात कशाला? पोरं नऊ आणि चार वर्षांची. जाणकारांनी सांगा.

पुणेरी_चिकित्सक

वहिनींचा प्रश्नच मुख्य आहे. नेमबाजीच करायची तर लष्करी धाटणीची रायफलच कशाला? आमच्या बालेवाडीला पोरं ०.१७७ च्या एअर रायफलवर घाम गाळतात. बाकी चालू द्या.

राधानगरीचा_रामा

फ्रिस्कोकर, आधी मित्राचा विषय संपवतो, कारण बाकी सगळं चुकलं तर पैसे जातात, हे चुकलं तर ग्रीन कार्ड जातं.

एच-१बी म्हणजे नॉन-इमिग्रंट व्हिसा. अशा माणसाला फेडरल कायद्याने बंदूक आणि गोळ्या बाळगायलाच बंदी आहे. काही अपवाद आहेत. आपल्या लोकांना लागू पडू शकेल असा एकच, शिकारीचा वैध परवाना. तो नसेल तर रेंजवर भाड्याने घेऊन चालवणंही त्यात येतं. आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर आले की त्यांच्या हातात रायफल देऊन फोटो काढायची आपल्याकडे फार हौस. ती पण नको. तू ग्रीन कार्डवाला, तू घेऊ शकतोस. दुकानात ४४७३ नावाचा फॉर्म भरशील, ड्रायव्हिंग लायसन्स आणि ग्रीन कार्डवरचा नंबर देशील, ते एफबीआयकडे तपासणी करतील. बहुतेक वेळा काही मिनिटांत होतं, कधी अडकतं. त्या फॉर्मवर विचारतात की खरा खरेदीदार तूच का. दुसऱ्याचे पैसे घेऊन त्याच्यासाठी घेतलीस आणि तिथे हो लिहिलंस तर ते खोटं. २०१४ च्या अब्रामस्की खटल्यात एका माजी पोलिसाने काकांसाठी पिस्तूल घेतलं होतं. काका स्वतः घेऊ शकले असते, तरी सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी शिक्षा कायम ठेवली. तुझा मित्र तर घेऊच शकत नाही. त्याच फॉर्मवर गांजाचाही प्रश्न आहे, आणि तिथे स्पष्ट छापलंय की राज्याने मोकळीक दिली असली तरी फेडरल कायद्याने गुन्हाच. कोलोरॅडोहून गांजाच्या गमीज आणणाऱ्यांनी वाचून घ्यावं.

आता रायफल. मी ह्यूस्टनकडे राहतो. कॉलेजात एनसीसीत .२२ (बारीक, कमी दणक्याच्या गोळीची रायफल) हातात आली तेव्हापासूनचा हा नाद आहे, त्यामुळे माझं मत एकतर्फी समज. माझं मत असं: पहिली एआर घेऊ नकोस, पहिली .२२ घे.

थांब, ऐकून घे. तुझा खर्च रायफलीत नाही, गोळ्यांत आहे. एआरच्या .२२३ गोळीचा साधा राउंड आज चाळीस-पन्नास सेंटला पडतो, .२२ चा आठ-दहा सेंटला. एका शनिवारी दोनशे गोळ्या झाडल्यास तर हिशोब तूच कर. आणि १०० यार्डांवर एआरने भोकं पाडलीस म्हणतोस, पण ती टेबलावर, पिशवीवर टेकवून ना? तिथे रायफल नेम धरते, आपण नुसते बसलेलो असतो. उभं राहून, गुडघ्यावर, झोपून, पट्टा दंडाला आवळून मारायला लाग, मग खरं कळतं. श्वास कुठे थांबवायचा, ट्रिगर न हिसकता कसा दाबायचा, हे .२२ वर शिकलास की एआरवर आपोआप येतं. एआरवर शिकायला गेलास तर आवाजाने डोळे मिटायची सवय लागते आणि ती सुटता सुटत नाही.

आमच्या तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ आणलं ते .२२ वरच. ५० मीटर, एकेक गोळी भरून, आणि दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. आपल्या करंगळीच्या नखाएवढं! लष्करी दिसणारं काहीही नव्हतं त्यात.

तरी तुला ते रूप हवंच असेल तर एआरच्याच साच्यातली .२२ मिळते, स्मिथ अँड वेसनची १५-२२. सेफ्टी, मॅगझिन, पकड सगळं जवळपास तसंच. मला विचारशील तर रुगर १०/२२. १९६४ पासून निघतेय, दहा गोळ्यांचं गोल फिरणारं मॅगझिन, आणि सुटे भाग कुठेही. ती घेऊन अ‍ॅपलसीड नावाच्या नेमबाजीच्या वर्गाला जा. दोन दिवस २५ मीटरवर लहान केलेल्या टार्गेटांवर घोटून घेतात आणि मधल्या वेळात अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालं त्या १९ एप्रिल १७७५ च्या लेक्सिंग्टन-काँकर्डच्या लढाईची गोष्ट सांगतात. गोष्ट जरा लांबते, पण शिकवणारे मनापासून शिकवतात.

एवढं करून एआर घ्यायचीच तर साधी घे. नळीवर चेंबर (गोळी बसते तो भाग) ५.५६ किंवा .२२३ वाइल्ड लिहिलेलं बघ. त्यात दोन्ही गोळ्या चालतात. नुसतं .२२३ लिहिलेल्यात ५.५६ घालू नये, दाब वाढतो. नळीच्या आतल्या खाचांचा पीळ आठ इंचाला एक फेरा असा घे, म्हणजे ५५ ग्रेनपासून (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) ७७ ग्रेनच्या जड गोळीपर्यंत सगळं नीट जातं. हातधरणी नळीला न टेकणारी, फ्री-फ्लोट असावी, नाहीतर पट्टा ओढलास की गोळी सरकते. नळी १६ इंच पुरे. १६ च्या खाली रायफल म्हणून घ्यायची तर फेडरल नोंदणीची वेगळी भानगड आहे, तिकडे जाऊच नकोस. पुढे २००, ३००, ६०० यार्डांच्या सर्व्हिस रायफल स्पर्धांत उतरलास तर २० इंचाचा विचार कर. टॉर्च, लेझर, पुढचा उभा दांडा हे दुकानदाराच्या पोराच्या कमिशनसाठी असतं. कागदावर मारायचं तर रेड डॉटपेक्षा (तो नुसता लाल ठिपका दाखवतो, लांबचं मोठं करत नाही) साधा स्कोप बरा. भोक दिसलं तर पाहिजे.

हिरव्या टोकाच्या गोळ्या स्वस्त दिसल्या तरी घेऊ नकोस. आत पोलाद असतं, बऱ्याच रेंजवाले चुंबक लावून बघतात आणि परत पाठवतात. छताखालच्या रेंजवर कानात फोमची बोंडं घाल, वर कान झाकणारे मफ्स.

जर्सीची_मावशी

रामाभाऊंशी सहमत. दोन गोष्टी आणखी.

फ्रिस्कोकर, तुम्ही आयटीत असाल तर नोकरी कुठे नेईल सांगता येत नाही. टेक्सासात घेतलेली एआर तशीच न्यू जर्सीला आणता येत नाही. इथे १९९० पासून असॉल्ट फायरआर्मवर (एआरसारख्या बंदुकांवर) बंदीचा कायदा आहे, मॅगझिन २०१८ पासून दहाच गोळ्यांचं, आणि साधी रायफल घ्यायलाही आधी पोलिसांकडून ओळखपत्र काढावं लागतं. कॅलिफोर्निया कडक आहेच; इलिनॉय आणि वॉशिंग्टन राज्यांनी २०२३ मध्ये एआरसारख्या रायफलींची विक्री बंद केली. माझी .२२ बोल्ट अ‍ॅक्शन आहे, तिला इथे कुणी हरकत घेत नाही.

दुसरं, पोरं. शिशाची धूळ कपड्यांवर, बुटांवर, केसांत बसते. रेंजवरून आल्यावर बूट बाहेर, कपडे वेगळे धुवायला, हात गार पाण्याने आणि साबणाने. चार वर्षांच्या पोराला उचलायचं ते त्यानंतर. आणि कपाटाला कुलूप नको, तिजोरी हवी. १५०० मधले तीनशे-चारशे तिच्यासाठी आधीच बाजूला काढा. तुमच्या टेक्सासातही सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक निष्काळजीपणाने लागली तर तो पालकावर गुन्हा आहे.

बाकी बायकोला समजावू नका, रेंजवर घेऊन जा. आवडलं नाही तर तिचं ऐका.

राधानगरीचा_रामा

पुणेरी, प्रश्न रास्त आहे. एआरचं यंत्र चांगलं आहे. यूजीन स्टोनर नावाच्या डिझायनरने पन्नासच्या दशकाच्या शेवटी बनवलं, धक्का कमी, दुरुस्ती सोपी, म्हणून स्पर्धेतही चालतं. पण अ‍ॅलन आणि युवाल्डीच्या शाळेतल्या गोळीबारांनंतर इथल्या बायकांना त्या आकाराचीच भीती वाटते, तिला मी वेडेपणा म्हणणार नाही. माझी स्वतःची एआर तिजोरीत असते, दिवाणखान्यात भिंतीवर नाही. घरी पाहुणे आले तर तिचा विषयही काढत नाही.

फ्रिस्कोकर

सगळ्यांचे आभार. मित्राला नाही म्हणून सांगितलं, जरा फुगलाय. १०/२२ आणि तिजोरी ठरलं, एआरचं वर्षभराने बघू. बायको म्हणाली, मावशींना माझा नमस्कार सांग. एक शंका: रेंजला न्यायला वेगळी बॅग लागते का? माझी जुनी लॅपटॉपची सॅक पडून आहे. डिसेंबरात पुण्याला जायचंय, नवीन घ्यायची तेव्हाच घेईन म्हणतो.

राधानगरीचा_रामा

ती सॅक रेंजला अजिबात नेऊ नकोस! .२२ ची एक गोळी अस्तराच्या शिवणीत अडकली तर तुला दिसणार नाही, मुंबई विमानतळाच्या स्कॅनरला दिसेल. भारतात परवान्याशिवाय एक जिवंत काडतूस सापडलं तरी आर्म्स अ‍ॅक्टखाली गुन्हा नोंदवतात. माहीत नसताना बॅगेत राहिलं होतं म्हणून कोर्टाने गुन्हे रद्द केल्याची उदाहरणं आहेत, पण तोवर सुट्टी पोलीस ठाण्यात आणि वकिलाकडे जाते. रिकामी टरफलंही किल्लीला लावून नेऊ नकोस. वीस डॉलरची भडक रंगाची बॅग घे आणि ती गॅरेजमध्येच ठेव, घरात आणू नकोस.